सर वर्गात विचारतात, "तुमच्या घरचं मत कुणाला?"

मेतकूट (सोम, रात्री १०:४०)

मुलगा सहावीत आहे. पुण्याजवळचं गाव, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. इतिहास-नागरिकशास्त्राचे सर मुलांचे अगदी लाडके. शिकवतातही छान, हे आधीच सांगते.

परवा जेवताना मुलगा म्हणाला, "आई, आपण कुणाला मत दिलं?" मी टाळलं. तर म्हणतो, "मी हात वर केला, पण मला माहीतच नव्हतं." मग खोदून विचारलं. सरांनी निवडणुकीचा विषय काढला, एका पक्षाचं नाव घेतलं आणि ज्यांच्या घरून त्या पक्षाला मत जातं त्यांनी हात वर करा म्हणाले. बहुतेकांनी इकडेतिकडे बघून केले. चार-पाच जणांचे हात खालीच राहिले. त्यांच्याकडे बघून सर म्हणाले, "यांच्या घरच्यांना देशाचं काही पडलेलं नाही." हसत म्हणाले म्हणे. वर्गही हसला.

पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कुठे जाईल ते आपल्याला माहीत आहे. (मी आणि नवरा एकाच पक्षाला मत देत नाही, त्यामुळे पोराने खरं तर अर्धाच हात वर करायला हवा होता.)

नवरा म्हणतो सोडून दे, पुढच्या वर्षीही हेच सर आहेत, उगाच पोरावर डूख धरतील. सासूबाईंचं म्हणणं, मास्तरांनी मतं सांगायची नाहीत तर कुणी सांगायची? मला स्वतःला काय खटकलं तेच नीट मांडता येत नाहीये. मुख्याध्यापकांकडे जावं का?

रिकामटेकडा (सोम, रात्री १०:५२)

आधी पक्ष सांगा. मग चूक की बरोबर ते ठरवू. 😄

मेतकूट (सोम, रात्री १०:५५)

@रिकामटेकडा, म्हणूनच नाही सांगितलं.

गुळवणी_काका (सोम, रात्री ११:३०)

आमच्या वेळी शाळेत एक सर सेवादलाचे, एक शाखेत जाणारे, ड्रॉइंगचे कम्युनिस्ट. तिघेही उघडपणे बोलायचे, मधल्या सुट्टीत आमच्यासमोर भांडायचे आणि एकाच डब्यातलं खायचे. आणीबाणीत त्यातले एक तुरुंगात गेले तेव्हा त्यांचे तास दुसऱ्यांनी घेतले. आम्हाला काही इजा झाली नाही. उलट त्या भांडणांतूनच वर्तमानपत्र वाचायला लागलो.

साने गुरुजींचं काय म्हणाल? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते, 'विद्यार्थी' मासिक काढत होते. देशभक्ती शिकवली ती काय राजकारणाशिवाय? टिळक-आगरकर-चिपळूणकरांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढलं ते काय फक्त व्याकरण शिकवायला? मतं नसलेला शिक्षक म्हणजे गाईड. ते बाजारात विकत मिळतं.

जास्वंद (मंगळ, सकाळी ७:१५)

काका, तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. तुमच्या शाळेत तिघे होते आणि तिघे तीन दिशांचे. मेतकूटताईंच्या मुलाला एकच आवाज ऐकू येतोय.

आणि साने गुरुजी १९३० मध्ये शाळेची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. हजेरीपट हातात ठेवून नाही.

गुळवणी_काका (मंगळ, सकाळी ७:४०)

सोडली ती सत्याग्रहात वेळ देण्यासाठी. वर्गात विचार मांडणं चूक वाटलं म्हणून नव्हे. त्याआधीची सहा वर्षं ते काय मुखस्तंभ बसले होते?

खडूफळा (मंगळ, सकाळी ८:०५)

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, सध्या चौथीचा वर्ग. शाळा सुरू व्हायच्या आत जमेल तेवढं लिहितो.

ताई, खटकलं ते हात वर करणं. सरांचं मत बाजूला ठेवा. आपल्याकडे मतदान गुप्त आहे. मी स्वतः केंद्राध्यक्ष म्हणून बसलो आहे. नवरा बायकोच्या मागून डोकावला तरी त्याला मागे घ्यावं लागतं. आणि इथे अकरा वर्षांच्या पोराकरवी तीसेक घरांची मतं वर्गात उघडी पडली. पोराला माहीत नव्हतं तरी त्याने हात वर केला, हे तर फारच बोलकं आहे. उत्तर चुकलं तर काय होईल याचा अंदाज त्याला बरोबर आला होता.

गावात हे फार नाजूक असतं. माझ्या वर्गात सरपंचाचा मुलगा आणि पडलेल्या उमेदवाराची पुतणी एकाच बाकावर बसतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत महिनाभर वर्गाचे दोन तट. "तुझा बाप कुणाचा?" हे मी चौथीच्या पोरांच्या तोंडून ऐकलंय. डबासुद्धा वाटून खात नाहीत. अशा वेळी मी एक शब्द इकडचा-तिकडचा बोललो की संध्याकाळी पारावर पोचतो. त्यात मीच बीएलओ. मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं, कुणाचं नाव घालायचं, मयताचं काढायचं. गुरुजी अमक्या पार्टीचे, हे एकदा ठरलं की वगळलेल्या प्रत्येक नावाकडे लोक संशयाने बघणार.

पण तोंडाला कुलूपही लावता येत नाही, कारण पोरं विचारतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला. आम्ही शाळेत परतलो तर पहिलाच प्रश्न, "गुरुजी, तुम्ही का नाही आलात?" खोटं सांगू? सांगितलं. आम्हाला म्हातारपणी काय मिळावं यावर सरकारशी आमचं भांडण आहे, आम्हाला हे हवं, सरकार म्हणतं तिजोरीला झेपणार नाही. एक पोरगी म्हणाली, "माझ्या आजोबांना तर कसलीच पेन्शन नाही, ते शेतकरी आहेत." वर्ग शांत झाला. मी म्हटलं, बरोबर आहे, हाही मुद्दा आहे. शिकवायला सुरुवात केली पण डोक्यात तेच. पोरीने युनियनच्या सगळ्या पत्रकांवर कडी केली होती.

घंटा झाली. उरलेलं रात्री.

रिकामटेकडा (मंगळ, सकाळी ९:२०)

शिक्षकांचा तर विधान परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ आहे ना? मग त्यांना राजकारण वर्ज्य कसं?

खडूफळा (मंगळ, दुपारी १:३५)

मधली सुट्टी आहे म्हणून एवढंच: राज्यात शिक्षक मतदारसंघ सात आहेत, आणि मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. कलम १७१ मध्ये तसंच लिहिलंय. आम्ही प्राथमिकवाले त्यांच्या मतदान केंद्रावर ड्युटी करतो. 🙏

काळा_कोट (मंगळ, दुपारी ३:१०)

कायद्याचं थोडक्यात. सरकारी शिक्षकाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला जिल्हा सेवा वर्तणूक नियम १९६७. दोन्हींचा रोख एकच: पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, मत जरूर द्यायचं. शिवाय लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १३४-अ आहे. सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी व्हायचं नाही.

खाजगी अनुदानित शाळेची गोष्ट वेगळी. तिथे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली. त्यामुळे "सरकारी नियम मोडला" असं पत्र ठोकून देऊ नका. पहिल्याच वाक्यात तुमची बाजू लंगडी पडेल.

तुमच्या कामाचं कलम दुसरीकडे आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९(२). मूल भीती, दडपण आणि चिंतेपासून मुक्त असावं, त्याला आपली मतं मोकळेपणी मांडता यावीत, अशी शिक्षणाची अपेक्षा तिथे लिहिली आहे. हे पहिली ते आठवीला लागू, म्हणजे सहावी त्यात आली. आणि त्यात बोलायचा हक्क मुलाचा धरला आहे, हे लक्षात ठेवा.

नेकारकाठ (मंगळ, संध्या ६:००)

जर्मनीतून लिहिते आहे, स्टुटगार्टजवळ राहतो. इथून जवळच बॉइटेल्सबाख नावाचं गाव आहे. १९७६ साली तिथे डाव्या-उजव्या विचारांचे शिक्षणतज्ज्ञ बसले, भांडले आणि तीन गोष्टींवर एकमत झालं. एक, शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादून त्याची विचारशक्ती दडपायची नाही. दोन, समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचं. तीन, विद्यार्थ्याला स्वतःचं हित ओळखून परिस्थितीचा विचार करता आला पाहिजे. हा कायदा नव्हे, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही हेच पहिलं सांगतात. हिटलरच्या काळात इथल्या शाळांनी काय केलं ते आठवलं की ही गरज का वाटली ते समजतं.

ह्यात शिक्षकाला मत असू नये असं कुठेच नाही. माझ्या मुलीच्या बाई सरळ सांगतात, हे माझं मत, आता याच्या विरुद्ध कोण बोलतं?

पण दुसरी बाजूही ऐका. २०१८ मध्ये हाम्बुर्गमध्ये एएफडी या पक्षाने एक पोर्टल काढलं: आमच्या पक्षाविरुद्ध बोलणाऱ्या शिक्षकांची इथे माहिती द्या. "तटस्थ शाळा" या गोंडस नावाखाली. शिक्षक संघटना खवळल्या. तेव्हा तक्रार करायची तर कशाची आणि कुणाकडे, हेही बघून. तक्रारीचाही पक्ष होऊ शकतो.

जर्सीकर (मंगळ, संध्या ७:२५)

अमेरिकेत याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की भाषणस्वातंत्र्य म्हणजे शिक्षक काहीही बोलू शकतो. २००३ मध्ये इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला एका प्राथमिक शिक्षिकेला मुलांनी विचारलं, इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चात तुम्ही जाल का? त्या म्हणाल्या, "शांततेसाठी हॉर्न वाजवा" असा फलक दिसला तेव्हा मी हॉर्न वाजवला. एवढंच. पालकांनी तक्रार केली, पुढे करार वाढवला नाही. २००७ मध्ये अपील न्यायालयाने शाळेची बाजू घेतली: वर्गातलं बोलणं ही नोकरीतली सेवा आहे, ते ठरवायचा अधिकार शाळेचा.

विद्यार्थ्यांचं उलट. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी फीत बांधून आलेल्या मुलांना शाळा अडवू शकत नाही. त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची होती.

मला व्यक्तिशः इंडियानाचा निकाल फार कडक वाटतो. हॉर्न वाजवला म्हणून नोकरी?

गुळवणी_काका (मंगळ, संध्या ७:५०)

घ्या! हेच म्हणत होतो. एकदा तक्रारींचं दार उघडलं की हॉर्नवरही नोकरी जाते. मग शिक्षक धडा वाचून दाखवून मोकळे होतील, आणि पोरं राजकारण शिकतील कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर. ते चालतं का तुम्हाला?

जास्वंद (मंगळ, रात्री ९:१०)

काका, हा मुद्दा खरा आहे, मानलं.

पण सगळे एका सरांच्या तोंडाभोवती फिरताय, मला त्यामागची इमारत दिसते. मी अनुदानित शाळेतून निवृत्त झाले. संस्था कुणाच्या होती ते सांगत नाही, पण आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात शिक्षणसंस्था, साखर कारखाना, बँक आणि आमदारकी एकाच वाड्यात राहतात हे काही गुपित नाही. साहेबांच्या वाढदिवसाला पाचवी ते सातवीची मुलं रांगेने ग्राउंडवर. उन्हात. हातात फुलं. गाणं बसवायचं काम संगीताच्या बाईंचं, भाषण लिहायचं काम माझं, म्हणायचं काम सातवीतल्या मुलीचं. "आमचे लाडके साहेब". त्या मुलीचे वडील दुसऱ्या गटाचे होते. ती घरी जाऊन रडली हे मला तिच्या आजीने सांगितलं.

निवडणुकीत आम्हाला गावं वाटून दिली जायची. शाळा सुटल्यावर "पालक भेट". पालकांना बरोब्बर कळायचं. नाही गेलं तर वेतनश्रेणीचा प्रस्ताव कपाटात, किंवा दुसऱ्या तालुक्यातल्या शाखेवर बदली.

या सगळ्यात कुणीही वर्गात राजकीय मत मांडलं नव्हतं. एक अक्षरही नाही. कागदावर शाळा पूर्ण तटस्थ. तेव्हा मेतकूटताई, मुख्याध्यापकांकडे जायच्या आधी संस्थेचे अध्यक्ष कुणाचे आहेत ते बघून घ्या. सर स्वतःच्या मनचं बोलतात की बोलवतं कोणी दुसरंच आहे?

मेतकूट (मंगळ, रात्री ९:३०)

जास्वंदताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. बघितलं. अध्यक्ष त्याच पक्षाचे आहेत.

तिरफळ (मंगळ, रात्री १०:२०)

गोव्यातून. अवांतर वाटेल पण नाही. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघालेल्या, त्यांतले कित्येक मास्तर महाराष्ट्रातून आलेले. वडील तेव्हा तिसरीत. त्यांच्या मास्तरांनी फळ्यावर रोज फूल काढायचं आणि मुलांनी पाटीवर उतरवायचं. चित्रकलेचा तास म्हणून. आजोबा पक्के फूलवाले, त्यामुळे घरी कौतुकच झालं. शेजारच्या घरची पाटी मात्र संध्याकाळी पुसली जायची.

३४ हजारांच्या फरकाने दोन पानं जिंकली. वडील मराठीप्रेमी आहेत, आजही रोज मराठी पेपर लागतो. पण त्या फुलाची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज चढतो. म्हणतात, आमच्या मास्तरांचं मत माझंही झालं असतं, पण मला विचारलं असतं तर.

कोल्हापुरी_लवंगी (मंगळ, रात्री ११:००)

सगळ्यांचं वाचलं. मला एका गोष्टीची भीती वाटते. "शाळेत राजकारण नको" हे वाक्य वापरतं कोण? आमच्या शाळेत बाईंनी पाण्याच्या टाकीवरून जातीचा विषय काढला आणि पोरांना झापलं, तर दोन पालक आले, "बाई राजकारण करतात." संविधान सातवीच्या पुस्तकात आहे. दहावीच्या राज्यशास्त्रात तर 'राजकीय पक्ष' हा आख्खा धडा आहे. तो शिकवताना पक्षांची नावं घ्यायची नाहीत?

समतेबद्दल दोन बाजू मांडा म्हणणारा माणूस मला पटत नाही. पेन्शनला दोन बाजू आहेत, धरणाला आहेत, ऊसदराला आहेत. माणसाने माणसाला शिवावं की नाही याला नाहीत.

काळा_कोट (मंगळ, रात्री ११:१५)

+१. आणि ती रेघ मारायला फार विद्वत्ता लागत नाही. संविधानात लिहिलेलं आहे ते शिक्षकाने ठासून सांगावं, त्याचा पगारच त्यासाठी आहे. मतपत्रिकेवर छापलेलं आहे ते सांगताना हात आखडावा.

रिकामटेकडा (मंगळ, रात्री ११:२२)

बोलायला सोपं आहे साहेब. आजकाल अर्धं भांडण संविधानात काय लिहिलंय यावरच चालतं.

संपादक (बुध, सकाळी ६:४५)

रात्री आलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. पक्षांची नावं, नेत्यांची टोपणनावं आणि "तुमचे ते" हे शब्द इथे नकोत. धागा सध्या चालू ठेवतो.

खडूफळा (बुध, रात्री ८:४०)

काल रात्री जमलं नाही, लाईट नव्हती.

लवंगीताईंच्या मुद्द्याला माझ्याकडून एक भर. पोरांचा स्वतःचा प्रश्न असेल तर? २०२५ मध्ये १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, १७ जूनला बदललेला आला, २९ जूनला दोन्ही रद्द. म्हणजे शाळा सुरू झाली आणि पहिल्या पंधरवड्यात पोरांना काय शिकवायचं हेच हवेत. टीव्हीवर रोज भांडण. माझी पोरं विचारायची, "गुरुजी, हिंदी शिकायची का नाही?" हा राजकीय प्रश्न होता की शाळेचा? दोन्ही. आणि ज्यांच्या डोक्यावर ते पुस्तक पडणार होतं त्यांनाच सगळ्या राज्यात कुणी विचारत नव्हतं.

माझं त्यावर मत होतं, चांगलं कडक होतं. मी पोरांना आधी लिहायला सांगितलं. कुणी लिहिलं, हिंदी आम्हाला कार्टूनमुळे येतेच. कुणी, आम्हाला अजून मराठीचं जोडाक्षर जमत नाही. तांड्यावरच्या एका मुलाने लिहिलं, "माझी घरची भाषा गोरमाटी आहे, मराठी माझी दुसरी भाषा, मग ही कितवी?" सगळं वाचून झाल्यावर माझं मत विचारलं तेव्हा सांगितलं. दोघा-तिघांनी तोंडावर सांगितलं, गुरुजी आम्हाला नाही पटत. ते म्हणू शकले हे मला पुरेसं होतं. मी आधी बोललो असतो तर एकानेही म्हटलं नसतं. चौथीतल्या पोराला गुरुजी म्हणजे काय असतो ते ज्यांनी शिकवलंय त्यांना ठाऊक आहे. घरी आईला सांगतात, "गुरुजींनी सांगितलंय", विषय संपला. दहावीचा पोरगा निदान मागच्या बाकावरून टोमणा मारतो.

मेतकूटताई, तुम्ही आता काय करावं. मुख्याध्यापक नंतर. आधी सरांना एकटं भेटा, पालकसभेत नको. पक्षाबद्दल चकार शब्द काढू नका, त्यांच्या मतांबद्दलही नाही. फक्त एवढं म्हणा: सर, घरचं मत मुलांना विचारू नका, त्यावरून घरात प्रश्न उभे राहतात. आणि ज्यांचे हात खाली होते त्यांना वर्ग हसला, ते मुलाने घरी येऊन सांगितलं. हे वाक्य जरूर सांगा. अध्यक्ष कुठल्याही पक्षाचे असोत, चांगल्या शिक्षकाला ते लागतं. नाही लागलं तर मग काळ्या कोटांचं २९(२) आहेच, लेखी द्या. आणखी दोन पालक सोबत असले तर उत्तम, त्यातला एक तरी त्याच पक्षाचा मतदार असावा.

मेतकूट (बुध, रात्री ९:०५)

शेवटचं वाक्य भारी आहे, गुरुजी. तसा एक घरातच आहे. नवऱ्याला घेऊन जाते. 🙂

गुळवणी_काका (बुध, रात्री ९:२०)

हे मात्र पटलं. हात वर करायला लावणं माझ्याही तिन्ही सरांनी केलं नसतं. पण गुरुजी, तुम्ही मत शेवटी सांगितलंच ना? मग माझं म्हणणं कुठे वेगळं होतं?

खडूफळा (बुध, रात्री ९:४५)

शेवटी सांगितलं, काका. तुमचे सर पहिल्यांदा सांगायचे. शिवाय तुम्हाला उलटं बोलायला दुसरे सर होते. माझी शाळा द्विशिक्षकी आहे, आणि दुसरं पद रिकामं आहे.

जर्सीकर (बुध, रात्री १०:१०)

आमच्याकडे निवडणुकीच्या वर्षात शाळेत मुलांचं लुटुपुटीचं मतदान घेतात, खऱ्या उमेदवारांवर. मला ते आवडत नाही. तुमच्याकडे मतदान शिकवतात तरी कसं?

खडूफळा (बुध, रात्री १०:२५)

शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, पोषण आहारमंत्री वगैरे. खरे अर्ज, माघारीचा दिवस, बोटाला शाई. प्रचारात एकच नियम: दुसऱ्याची उणीदुणी काढायची नाहीत. गेल्या खेपेला पाणीमंत्री पदाला सरपंचाचा मुलगा पडला, दोन मतांनी. सरपंच विचारत आले, कुणी कुणी दिलं नाही? म्हटलं, मलाही माहीत नाही.

रिकामटेकडा (बुध, रात्री १०:३१)

यासाठी मोबाईलचं ईव्हीएम अ‍ॅप वापरतात ना बऱ्याच शाळा? कोणतं चांगलं?

खडूफळा (बुध, रात्री १०:४०)

वापरतात. मी एकदा बघितलं, पोरं वाकून वाकून बघतात कुणी कुठलं बटण दाबलं, आणि आवाज आला की टाळ्या. आमच्याकडे चिठ्ठ्या आणि बुटाचा खोका.